'इन्कम टॅक्स बंद करा': गावच्या ग्रुपवर आजची चर्चा

दिनेश: फवारणीच्या बाटलीचं बिल ११८० रुपये. त्यातले १८० नुसता जीएसटी! आन् ग्रुपवर फॉरवर्ड फिरून राह्यला, इन्कम टॅक्स बंद करा, सारा कर खरेदीवरच घ्या. शेतकऱ्याचा इचार कोनी करते का नाही?

गजाननभाऊ: मीच टाकला. अमेरिकेत असं विधेयक हाये, फेअरटॅक्स. इन्कम टॅक्स शून्य, दुकानात २३ टक्के. रिटर्न नाही, नोटीस नाही. एकच कर, सोपा कर.

गुरुजी: भाऊ, ते २३ नीट मोजा. १०० च्या बिलात २३ कर, म्हणजे माल ७७ चा. ७७ वर २३ म्हणजे जवळपास ३० टक्के. आपले १८ मालाच्या किमतीवर असतात, म्हणून तुलना १८ आणि ३० ची. १९९९ पासून ते मांडलं जातंय, अजून मंजूर नाही.

गजाननभाऊ: रोखीचा धंदा करनारा इन्कम टॅक्स बुडवते. तो घरी कार घेईन तवा सापडीनच ना.

प्रकाश कृषी केंद्र: दिनेश, तुझ्याच बाटलीचं पाय. दुकानदार कंपनीले १६२ जीएसटी देते, तुझ्याकडून १८० घेते, १६२ चं क्रेडिट लावून, म्हंजे आधी देल्ला कर वजा करून, सरकारात १८ भरते. शेतकऱ्याले क्रेडिट नाही, पुरे १८० त्याच्या अंगावर. कापसावरचा ५ टक्के जिनिंगवाला भरते, पन त्याले क्रेडिट भेटते.

दिनेश: मंग दर कमी झाले म्हन्ते ते काय?

प्रकाश कृषी केंद्र: २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आन् ठिबक १२ टक्क्यावरून ५, ट्रॅक्टरचे टायर १८ वरून ५. निंबोळीचं औषध, ट्रायकोडर्मा असं जैविक औषध ५. रासायनिक कीटकनाशक १८ वरच राह्यलं. डीएपी खताच्या बॅगच्या १३५० मध्ये ६४ रुपये कर हाये.

सुनीताताई: नळ कवा येनार आज?

अॅडमिन: ताई, लाईन आली की मोटार चालू होते. पान्याचं पान्याच्या ग्रुपवर टाका.

गजाननभाऊ: एकच कर, सोपा कर. माहा मुद्दा तोच हाये.

गुरुजी: मग हे पाहा. नव्या करपद्धतीत वर्षाचा पगार १६,७५,००० असला तर ७५,००० ची ठरलेली वजावट जाऊन १६ लाखांवर कर १,२०,०००, सेस धरून १,२४,८००. इन्कम टॅक्स गेला की हे सगळे वाचले. शेतीचं उत्पन्न आधीच माफ, शेतकऱ्याचे वाचले शून्य. तो खड्डा भरायचा कुठून? साबण, सिमेंट, औषधाचे दर वाढवूनच.

रमेश: गुरुजी, नोकरदारायले १२.७५ लाखांपर्यंत शून्यच हाये. आमाले काय सांगता?

गुरुजी: रमेश, माझा फायदा पाहायचा असता तर मी गजाननभाऊंच्या बाजूनं बोललो असतो.

गजाननभाऊ: भांडू नका. तिकडं दर महिन्याले प्रत्येक कुटुंबाले पैसे आगाऊ वापस देनार, हे बी त्यात लिहिलं हाये.

वंदनाताई सेवा केंद्र: वापस देनं म्हणजे आधार, खातं, ई-केवायसी. पीएम किसानचे २००० तिथंच अटकते. आन् मागच्या वर्षी इन्कम टॅक्स भरला असन तर त्यातून नाव बाद होते. इन्कम टॅक्सच नाही राह्यला तर कोनाले द्याचं न् कोनाले नाही, हे ठरवनार कशावरून?

प्रकाश कृषी केंद्र: आनखी एक. जीएसटी प्रत्येक टप्प्यावर जमा होते, दुकानात बुडाला तरी मागचा येऊन बसलेला असते. फेअरटॅक्स फक्त शेवटच्या दुकानात. हजाराच्या घरसामानावर ३०० वाचत असन तर गिऱ्हाईकच म्हनीन, कच्चं बिल द्या.

गजाननभाऊ: कच्च्या बिलाचं पटलं. बाकी रिटर्नचा ताप कमी झालाच पाह्यजे, ते मी सोडत नाही.

दिनेश: ते तुमी पाहा. कीटकनाशक ५ टक्क्यावर आना, असं निवेदन तहसीलदारामार्फत देऊ.

गुरुजी: मसुदा संध्याकाळी टाकतो. प्रत्येकानं पक्क्या बिलाचा फोटो पाठवा, एचएसएन ३८०८ (कीटकनाशकाचा जीएसटीतला कोड) आणि कराचा दर दिसला पाहिजे.

दिनेश: टाकला. कोपरा फाटेल हाये, चालन का?

गुरुजी: चालतं. दर स्पष्ट दिसतोय.