मदत हवी आहे: बाबांच्या डब्यातल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांचं काय करावं?

नमस्कार मंडळी,

सदाशिव पेठेतला आमचा वाडा पुनर्विकासाला जातोय. माळा रिकामा करताना बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा निघाला. आत काठोकाठ काडतुसांच्या पुंगळ्या. बाबा हौशी नेमबाज होते. बारा बोअरची बंदूक आणि पॉइंट टू टू रायफल, दोन्ही परवान्याच्या. ते गेल्यावर आईने दोन्ही शस्त्रं पोलिसांकडे जमा केली, त्याची पावती आहे. हा डबा माळ्यावर आहे हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

सगळ्यात जास्त आहेत त्या पॉइंट टू टूच्या बारीक नळ्या. मग बारा बोअरची, लाल-हिरव्या प्लास्टिकची आणि काही जुनी कागदी. आणि तळाशी जुन्या फडक्यात बांधलेल्या, बोटाएवढ्या लांब, मानेपाशी निमुळत्या पितळी पुंगळ्या. त्यांच्या बुडावर इंग्रजी ‘के’ आणि ‘एफ’, मध्ये बाण, आणि काही आकडे आहेत. आजोबा दुसऱ्या महायुद्धात फौजेत होते, त्यामुळे या त्यांच्या असाव्यात असा आईचा अंदाज.

भंगारवाला पितळाच्या भावाने घ्यायला तयार आहे, पण माझं मन होत नाही. बाबा रविवारी सकाळी आरामखुर्चीत बसून या पुंगळ्या पुसायचे ते मी पाहिलंय. यातून घरात राहील अशी एखादी वस्तू करून घ्यावी असं वाटतं, समई किंवा देवघरातली घंटा. हे घरात ठेवणं कायद्यात बसतं का? वितळवून देणारं कुणी पुण्यात भेटेल का? तांबट आळीत विचारू का? आणि न्यू जर्सीच्या धाकट्या भावालाही त्यातलं काही हवंय, ते कसं पाठवू? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगा.

— पेठेतली लेक

खडकीकर:
ताई, समईचं नंतर बघू. आधी डबा घरातून उघड्यावर, सावलीत न्या. लहान मुलं लांब ठेवा आणि एकेक पुंगळी हातात घेऊन तपासा. मी आयुष्यभर दारूगोळ्याच्या खात्यात काम केलंय. ‘सगळ्या रिकाम्याच आहेत’ असं म्हणणाऱ्याच्या डब्यात एखादं जिवंत काडतूस हमखास निघतं.

झाडलेली पुंगळी ओळखायची खूण अशी: तोंड उघडं, आत पोकळ, आणि बुडाच्या मधोमध असलेल्या टोपीवर पिनचा खळगा. पॉइंट टू टूला वेगळी टोपी नसते. तिथे ठिणगीची दारू बुडाच्या कडेत भरलेली असते, त्यामुळे खूण कडेला दिसेल. बारा बोअरचं झाडलेलं काडतूस तोंडाशी उमललेलं असतं. न झाडलेल्याचं तोंड दुमडून बंद असतं, हाताला ते जड लागतं. नीट लक्षात ठेवा, टोपीवर खळगा आहे पण गोळी जागेवर आहे, तर ते फुसकं गेलेलं काडतूस आहे आणि ते जिवंतच धरायचं. गोळी नाही पण तोंड चुणून चांदणीसारखं मिटलेलं आहे, तर ते सरावाचं कोरं काडतूस असू शकतं. तेही जिवंतच धरायचं.

असं काही दिसलं तर ते ठोकायचं नाही, तापवायचं नाही, पाण्यात टाकायचं नाही, पिशवीत घालून स्वतः पोलिसांत न्यायचंही नाही. जागेवर ठेवा आणि ११२ ला किंवा जवळच्या ठाण्याला फोन करा, ते माणूस पाठवतात. नगरकडे लष्कराच्या गोळीबार-सरावाच्या रेंजच्या आसपास पितळाच्या लोभाने भंगार वेचताना माणसं गेली आहेत. म्हणून एवढं पोटतिडकीने लिहितोय.

आता तुमच्या फडक्यातल्या पुंगळ्या. के, बाण, एफ हा आमच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा शिक्का. इंग्रजांनी तो १८६९ साली सुरू केला. ‘के’ म्हणजे त्यांच्या उच्चारातलं किर्की. दोन आकडी संख्या दिसेल ते साल, आणि रोमन सात असेल तर तो थ्री नॉट थ्रीच्या गोळीचा सातवा नमुना. साल वाचून जरूर सांगा.

पेठेतली लेक:
काका, मनापासून आभार. तुम्ही सांगितलंत तसं अंगणात बसून मी आणि माझ्या नवऱ्याने सगळं तपासलं. पॉइंट टू टूच्या ढिगात एक गोळीसकट निघाली! लगेच फोन केला. पोलीस आले, बाबांचा जुना परवाना आणि शस्त्रं जमा केल्याची पावती बघितली, पंचनामा करून ती घेऊन गेले. फार नीट वागले. बाकी सगळ्या झाडलेल्या आहेत. फडक्यातल्यांवर ४२ आणि ४३ आहे, रोमन सातही आहे.

कायद्याची पायरी:
ताई, योग्य केलंत. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ नुसार परवानाधारकाचं कायदेशीर बाळगणं कोणत्याही कारणाने संपलं की शस्त्र आणि दारूगोळा विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावा लागतो. ते जिवंत काडतूस त्यात मोडत होतं.

रिकाम्या पुंगळीची गोष्ट थोडी वेगळी. कायद्यातल्या ‘दारूगोळा’च्या व्याख्येत त्याचे सुटे भागही धरलेत, म्हणून ‘हे नुसतं पितळ आहे’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर पूर्ण विश्वास ठेवू नका. पण कलम ४५ च्या (ड) पोटकलमात सूट आहे. किरकोळ भाग, जे इतर भागांना जोडून वापरायचा इरादा नाही, ते बाळगण्याला हा कायदा लागू होत नाही. आठवण म्हणून ठेवलेल्या झाडलेल्या पुंगळ्या त्यात बसतात असं माझं मत. पंचनाम्याची प्रत, परवाना आणि पावती एका पाकिटात घालून डब्याशेजारी ठेवा. ठाण्यात एक साधा अर्ज देऊन बाकीच्या पुंगळ्यांची नोंद करून पोच घेतलीत तर उत्तमच. फौजेत रेंजवरच्या पुंगळ्या मोजून परत जमा कराव्या लागतात, त्यामुळे आजोबांच्या पुंगळ्यांबद्दल कुणी विचारलं तर जे माहीत आहे तेवढंच सरळ सांगा.

आणि भावाला पुंगळी जशीच्या तशी पाठवू नका. विमानाच्या सामानात नको, कुरिअरनेही नको. क्ष-किरण यंत्रावर झाडलेली आणि भरलेली यांतला फरक बघणाऱ्याला पटकन कळत नाही. आधी माणूस बाजूला घेतात, मग चौकशी, आणि विमान सुटतं ते वेगळंच. भोक पाडलेल्या पुंगळीचं किचेनसुद्धा लोहगाव विमानतळावर घेऊन जाऊ नका. भारताबाहेर पाठवायचंच तर वितळवून केलेली वस्तू पाठवा.

ओतकाम:
ताई, आमच्याकडे तीन पिढ्या पितळेचं ओतकाम चालतं, म्हणून लिहितो. कसब्यातल्या तांबट आळीत जरूर जा, पण तिथलं मुख्य काम पत्रा ठोकून घडवायचं आणि मठारायचं, म्हणजे हातोडीचे बारीक ठोके देऊन पक्कं करायचं. धातू वितळवून साच्यात ओतणं हे ओताऱ्याचं काम. आळीतल्या एखाद्या जुन्या कारागिराला विचारा, तो बरोबर माणूस सांगेल.

काडतुसाचं पितळ म्हणजे साधारण सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त. खेचून नळी करायला ते अप्रतिम. ओतायलाही चालतं, पण ९५० अंशांच्या आसपास पूर्ण पातळ होतं आणि जस्त ९०७ अंशांनाच उकळतं. म्हणजे मुशीतून जस्ताचा पांढरा धूर उठणारच. तो छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. म्हणून घरच्या गच्चीवर, यूट्यूब बघून, शेगडीला ब्लोअर लावून हा उद्योग करू नका. पुंगळ्या ओताऱ्याकडे देताना त्या काडतुसाच्या आहेत हे त्याला स्पष्ट सांगा. तो प्रत्येक पुंगळी उभी कापून, आत पाहून, कोरडी करूनच मुशीत टाकेल. आत पाण्याचा थेंब राहिला तरी वितळलेला धातू उसळतो.

घंटा करू नका. चांगला नाद कासं देतं, तांबं आणि कथील. या पितळेची घंटा ठण्ण वाजून लगेच विझेल. समई किंवा निरांजन उत्तम होईल. तांब्या-भांडं मात्र अजिबात करायचं नाही. टोपीच्या दारूत शिसं असतं, त्याचा अंश पुंगळीला चिकटलेला असतो.

बारा बोअरचं काडतूस बाजूला काढा. त्याचं बूड बऱ्याचदा लोखंडावर पितळेचा मुलामा असतं. लोहचुंबक लावा, चिकटलं तर समईत घालायचं नाही.

पेठेतली लेक:
दादा, ही माहिती सोन्यासारखी आहे. चुंबक लावला, बारा बोअरची बहुतेक चिकटली. आता ठरलं असं: पॉइंट टू टूच्या सगळ्या वितळवून आईसाठी समई आणि भावासाठी एक छोटं निरांजन. आजोबांच्या ४२-४३ सालच्या मात्र वितळवायच्या नाहीत, तशाच ठेवायच्या. त्या हिरवट-काळ्या पडल्यात. चिंचेने घासू का? घरात पितळ चकचकीत करायची एक बाटली आहे, तिला फार उग्र वास येतो. ती चालेल?

खडकीकर:
बाटली नको. तो उग्र वास अमोनियाचा असेल तर तो या पितळेचा वैरी आहे. आणि हा आपल्याच देशातला अनुभव. इंग्रजांच्या काळात पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या पागेत ठेवायचे. पावसाळा संपला की पुंगळ्यांना मानेपाशी तडे गेलेले असायचे. घोड्यांच्या मुताचा अमोनिया, दमट हवा आणि घडवताना पितळेत राहिलेला ताण, या तिन्हींमुळे तडे जातात हे १९२१ साली सिद्ध झालं. तुमच्या पुंगळ्यांची मान तशीच दाबून आवळलेली आहे, म्हणून सांभाळा.

चिंच किंवा लिंबू पुष्कळ झालं. कोमट पाण्यात थोडा वेळ, मग साध्या पाण्याने स्वच्छ धुऊन कोरडं. हातमोजे घाला आणि त्यासाठी स्वयंपाकघरातलं भांडं वापरू नका, एखादा जुना प्लास्टिकचा डबा घ्या. ते पाणी झाडांना घालू नका. सगळ्याच घासू नका, दोन-तीन तशाच काळपट राहू द्या. शिक्का वाचायला लागेल तेवढंच बूड पुसा. टोप्या ठोकून काढायला जाऊ नका, त्या काळच्या खडकीच्या टोप्या आतून खिळ्याने निघत नाहीत.

ओतकाम:
एकच राहिलं. पॉइंट टू टूची नळी अगदी हलकी, एका ग्रॅमहूनही कमी. डबाभर दिसल्या तरी वजन कमी भरेल आणि वितळताना थोडी तूटही येते. समईला कमी पडलं तर घरातलं एखादं जुनं, फुटकं पितळी भांडं सोबत न्या, ओतारी मिसळून देईल. वजन त्याच्याकडे तुमच्या समोर करून घ्या.