संप, धरणं की वेस ओलांडणं? इजिप्तच्या कामगारांसाठी मराठी शब्द हवेत

मंडळी, काही शब्दांवर अडलेय, मदत करा. प्राचीन इजिप्तमधल्या रोजच्या जगण्यावर मुलांसाठी लेख लिहितेय, पिरॅमिड आणि ममी मुद्दाम बाजूला ठेवून. विषय घेतलाय देर अल-मदीना गावाचा. आजच्या लक्झरसमोर, नाईलच्या पश्चिमेला डोंगराच्या बेचक्यात हे गाव आहे, राजांच्या दरीतली थडगी खोदणारे, रंगवणारे कारागीर तिथे बायकापोरांसकट पिढ्यान्‌पिढ्या राहिले, आणि त्यांच्यात लिहिता-वाचता येणारे बरेच असल्यामुळे उसनवारी, भांडणं, धुण्याचे हिशेब असं सगळं खापरांवर आणि चुनखडीच्या कपच्यांवर लिहिलेलं हजारोंनी सापडलंय. एवढ्या जुन्या काळातल्या साध्या माणसांचं इतकं बारीकसारीक माहीत असलेलं गाव मला तरी दुसरं ठाऊक नाही.

तर तिसऱ्या रामसेस राजाच्या कारकिर्दीच्या २९व्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ११५७च्या आसपास, या लोकांचं मजुरीचं धान्य थकलं. महिन्याचे १८ दिवस उलटून गेले आणि आम्ही उपाशी आहोत असं म्हणत ते कामावरून उठले आणि तिसरा थुतमोस या आधीच्या राजाच्या देवळाच्या मागच्या बाजूला जाऊन बसले. अधिकाऱ्यांनी परत चला म्हणून समजावलं, मोठमोठ्या शपथा घेतल्या, पण हे ढिम्म हलले नाहीत. पुढे रामेसियम या देवळात शिरले. त्यांचं म्हणणं लेखनिकाने लिहून ठेवलंय, की भुकेनं आणि तहानेनं आम्ही इथे आलोय, कपडे नाहीत, अंगाला लावायला तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, हे राजाला कळवा, वजीरालाही कळवा. ही नोंद असलेला पपायरस, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेला कागद, आता इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. जगातला नोंद झालेला पहिला संप म्हणून हा प्रसंग सगळीकडे सांगितला जातो. मला संप शब्द थोडा गिरणीच्या भोंग्याचा वाटतो. दुसरं काय म्हणता येईल?

---

संपच म्हणा की. शब्द आधुनिक वाटतो खरा पण तो मूळचा एकीचा शब्द आहे, गुजरातीत आजही संप म्हणजे एकोपा, सलोखा. आपल्याकडे एकी करून काम थांबवणं असा अर्थ घट्ट झाला आणि मूळ अर्थ मागे पडला. तुमच्या गावातले लोक एकजुटीनेच उठले ना, मग अडचण कसली? हरताळ मात्र नको, त्यात दुकानं बंद ठेवण्याचा वास आहे आणि यांच्याकडे बंद करायला दुकान कुठलं?

---

मला धरणं जास्त नेमकं वाटतं. संपात माणूस घरी बसला तरी चालतं. इथे ते येणेकऱ्यासारखे जाऊन बसलेत, आणि बसलेत कुठे तर देवळापाशी, का, तर धान्याची कोठारं देवळांतच होती! रामेसियमच्या मागे विटांच्या कमानींची कोठारं आजही उभी आहेत, फोटो बघा. म्हणजे ज्याच्याकडून येणं आहे त्याच्या दारात जाऊन बसायचं आणि दिल्याशिवाय उठायचं नाही, हेच तर धरणं. आपल्याकडे फौजेचा पगार थकला की शिपाई सरदाराच्या तंबूपुढे असेच बसायचे, शिंद्यांच्या छावणीतल्या धरण्यांची वर्णनं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहेत. हक्काचं येणं, थकबाकी आणि दारात बसणं हे तिन्ही धरणं या एका शब्दात येतं.

---

धरणं आवडलं. कोठारांचं लक्षातच आलं नव्हतं, ते लेखात घालते.

पण आता गंमत ऐका. त्या लेखनिकापुढेही हाच प्रश्न होता असं दिसतं, कारण त्याच्या भाषेत या प्रकाराला तयार शब्दच नव्हता, तोपर्यंत असं कोणी केल्याचं लिहिलेलं कुठे मिळत नाही. म्हणून त्याने लिहिलं, टोळीने (म्हणजे कारागिरांच्या गटाने) भिंती ओलांडल्या. पुढच्या नोंदींतही पुन्हा काम थांबलं की तेच, भिंती ओलांडल्या. या भिंती म्हणजे थडग्यांच्या हद्दीवरची नाकी असावीत असं काहीजण म्हणतात. मला एकदम वेस ओलांडणं आठवलं. मराठीत वेस ओलांडली म्हटलं की नुसतं बाहेर पडणं नसतं, घालून दिलेली हद्द मोडली असा अर्थ त्यात येतोच. त्यामुळे ठळक शब्द धरणं आणि मूळ वाक्याला "टोळीने वेस ओलांडली", असं करावं म्हणतेय.

दुसरा शब्द. ब्रिटिश म्युझियममध्ये चुनखडीची एक मोठी कपची आहे, दुसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या ४०व्या वर्षाची. तिच्यावर ४० माणसांची नावं, पुढे ते कामावर आले नाहीत त्या तारखा काळ्या शाईने आणि प्रत्येक तारखेच्या डोक्यावर कारण लाल शाईने. एकाला विंचू चावला. एकाचे डोळे आलेत. एकजण आईचं प्रेत गुंडाळायला थांबला, एकजण घर बांधतोय, कोणाच्या बायकोला नाहीतर मुलीला पाळी आलीय, कोणी बिअर गाळतोय. आणि कितीतरी नोंदी अशा की साहेबांच्या कामाला गेला! सरकारी माणूस साहेबाच्या खाजगी कामाला जुंपलेला, आणि तेही नोंदवहीत राजरोस. याला गैरहजेरीपट म्हणू का?

---

खाडा! खाड्यांची वही. माझे वडील गिरणीत होते, घरात रोज हाच शब्द. आजारपण, मयत, पाव्हणे, कारण काही का असेना, कामावर गेला नाही की खाडा पडला. दांडी वेगळी, दांडी मारतात, त्यात मुद्दाम चुकवणं आलं. विंचू चावलेल्याने दांडी मारली म्हणणं अन्याय होईल. आणि गैरहजेरी शाळेत असते.

बायकोच्या पाळीसाठी नवरा घरी राहिला हे वाचून थांबलोच. तिला विटाळ म्हणून बाजूला बसवलं म्हणून हा घरी, की घरचं काम उरकायला हा घरी?

---

त्यावर अभ्यासकांची दोन्ही मतं आहेत, कपचीवर फक्त कारण आहे, पुढचं काही नाही. म्हणून तिथे विटाळ शब्द अजिबात घालू नका ताई, आपला अर्थ त्यांच्यावर लादल्यासारखं होईल. "पाळी आली" एवढंच पुरे.

बिअरबद्दल. दारू लिहू नका आणि बिअर लिहिलं तर मुलांच्या डोळ्यापुढे हिरवी बाटली येईल. त्यांची बिअर, हेनकेत, बार्लीची नाहीतर एमर या जुन्या जातीच्या गव्हाची, दाटसर, लहानमोठे सगळे रोज पिणार, मजुरीतही मिळणार. भाकरीच्या जोडीला पोटभरीची गोष्ट होती ती. आंबील म्हणता येईल का?

---

आंबील नको. आंबलेलं आणि दाट इथपर्यंत ठीक पण आंबिलीने चढत नाही, हेनकेतने चढायची, सणांच्या वेळी तर चढावी म्हणूनच प्यायचे. बार्लीची बिअर असं सरळ लिहा आणि एका वाक्यात सांगा कशी असायची ते.

मला मजुरीवर बोलायचंय. वर कोणीतरी पगार म्हटलं, पण तिथे नाणंच नव्हतं. साध्या कारागिराला महिन्याला ४ खार एमर गहू आणि दीड खार बार्ली. खार म्हणजे अंदाजे ७५ लिटरचं पोतं, म्हणजे घरात नुसता गहूच ३०० लिटर आला. एका कुटुंबाला खाऊन उरेल इतकं, आणि उरलेलं देऊन बाजारात दुसरं घ्यायचं. किंमत सांगायची तांब्याच्या वजनात, देबेन म्हणजे साधारण ९१ ग्रॅम, पण तांबं हातात घ्यायचंच असं नाही, बैल इतक्या देबेनचा म्हणायचं आणि त्या भावाचं तेल, कापड, टोपल्या मोजून द्यायच्या. शिवाय गावात विहीर नाही म्हणून पाणक्ये गाढवांवरून पाणी आणायचे, कोळी, माळी, कुंभार, लाकूडतोडे, धोबी सगळे सरकारने लावून दिलेले! धोब्याकडे गेलेल्या कपड्यांच्या यादीत तर कपड्यांची चित्रं काढून पुढे टिंबं, कोणाची किती ते कळावं म्हणून. या सगळ्याला बलुतं हा शब्द चपखल बसेल.

---

नाही हो, बलुतं नाही बसणार. बलुतं गाव देतं, पिकलेल्या धान्यातला वाटा, पीक बुडालं तर बलुतंही बुडालं. इथे गावाकडे शेतच नाही, देणारा राजा, माप ठरलेलं, दिवस ठरलेला. थकलं तर तक्रार करायची तीही सरकारकडेच. बलुतं असतं तर हे धरणं झालंच नसतं! शिधा म्हणा. शिधा मापून मिळतो, वरून मिळतो, त्यात धान्यासोबत भाजी, तेल, सरपण सगळं मावतं.

---

शिधा पक्का. खाडाही पक्का, वडिलांना माझा नमस्कार सांगा.

आता शेवटचं आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. इजिप्त म्हटलं की आपल्याकडे पटकन गुलाम लिहिलं जातं. ज्यांना ठरलेला शिधा मिळतो, स्वतःची घरं आणि स्वतःसाठी खोदलेली चित्रांची थडगी आहेत, जे खाडे करतात, धरणं धरतात, ज्यांच्या बायका पंचांसमोर उभ्या राहून आपल्या इस्टेटीचं काय ते सांगतात (नाउनाख्त नावाच्या म्हातारीने म्हातारपणी न बघणाऱ्या मुलांना आपल्या वाट्यातून चक्क वगळलं, ते कागद आहेत), त्यांना गुलाम कसं म्हणायचं? मला हे मनापासून खटकतं. त्या गावात घरकामाला गुलाम बायका होत्या हेही खरं, म्हणून तर शब्द जपून वापरायला हवा. या कारागिरांना सरकारी भाषेत सेदजेम-आश म्हणत, "सत्याच्या जागेतला सेदजेम-आश" (सत्याची जागा म्हणजे त्यांची थडग्यांची कामाची जागा). भाषांतरात सेवक लिहितात, पण त्याचा शब्दशः अर्थ हाक ऐकणारा.

---

हाक ऐकणारा!! मग त्याची जोडी घ्या. थडग्यात ठेवायच्या त्या छोट्या मूर्ती, उशाब्ती. परलोकातसुद्धा शेत पेरायला, पाट भरायला, वाळू वाहायला बोलावणं येणार अशी त्यांची समजूत होती, कारण इहलोकात सरकारचं तसं बोलावणं येतच असे. मग आपल्या जागी ही मूर्ती जाईल. तिच्या अंगावरच कोरलेलं असतं, मला कामाला बोलावलं तर तू म्हणशील, "हा मी आहे". उशाब्तीचा अर्थ उत्तर देणारा असा सांगतात. मराठीत आपण म्हणूच, हाकेला ओ देणारा.

आणि तुम्ही गुलाम खोडताय ते बरोबर, पण इथे वेठ हा शब्द पाहिजेच. सरकारच्या बोलावण्यावरून ठराविक काळ जाऊन राबायचं, माणूस एरवी मोकळा. पिरॅमिडचे दगड ओढणाऱ्यांनाही हाच जवळचा शब्द, फक्त आपली वेठ बिनमोबदल्याची आणि त्यांना तिथे भाकरी-बिअर मिळायची हे स्पष्ट करावं लागेल. तुतनखामेन राजाच्या थडग्यात अशा ४१३ मूर्ती निघाल्या. वर्षाच्या ३६५ दिवसांना रोजचा एक मजूर, त्यांचा आठवडा दहा दिवसांचा म्हणून दहाजणांवर एक असे ३६, आणि महिन्याला एक असे वर १२. त्या ३६ना पर्यवेक्षक म्हणू नका, मुकादम म्हणा, काहींच्या हातात चाबूक असतो.

---

मुकादम मस्त. "ओ देणारी बाहुली" लिहू का मग उशाब्तीला? मुलांना लगेच कळेल.

---

बाहुली नको, खेळणं वाटेल. "ओ देणारी मूर्ती" करा. आणि ते "हा मी आहे" पण बदला, हाक मारल्यावर असं कोण म्हणतं? "ओ, आलो!" लिहा.