अनुभव धागा : परतलेली तिखट भेंडी, तुमच्या घरची

नारायण पेठ (धाग्याची सुरुवात)

पावशेर भेंडी, जरा सढळ हाताने तेल, सात-आठ लसूण पाकळ्या, हिरवी मिरची, हळद, लाल तिखट, मीठ. यापलीकडे या भाजीला काही लागत नाही, आणि तरी पुण्यात जितक्या घरी मी ती खाल्ली तितक्या चवी निघाल्या. कुठे सुटसुटीत आणि कडेने खरपूस, कुठे तारा सुटलेली, कुठे दाण्याच्या कुटात पार हरवून गेलेली. साहित्य तेच असताना फरक पडतो कुठे? माझ्या मते पाणी, भांडं आणि मीठ घालायची वेळ यांत. मसाल्यात नाही.

माझी पद्धत आधी लिहिते. भेंडी धुऊन अगदी कोरडी करायची. काप अर्ध्या इंचाचे. पातळ चकत्या केल्या की जितके काप जास्त, तितका चिकट रस बाहेर येतो. पसरट कढई घ्यायची. तेल तापलं की मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण, उभी चिरलेली मिरची. लसूण गुलाबी व्हायच्या आत भेंडी टाकायची. आच मोठी, झाकण नाही. सुरुवातीला उलथनं कमीत कमी फिरवायचं. कापांमधून तारा ओढल्या जाताना दिसतात तेव्हा घाबरू नये, परतत राहिलं की त्या आटतात. कडा तपकिरी झाल्या की आच बारीक करून हळद, तिखट आणि शेवटी मीठ. उतरवताना चिमूटभर आमचूर.

तुमच्याकडे कशी होते, कुणाकडून शिकलात, भेंडी कशी पारखता, सगळं लिहा. कृतीबरोबर तिच्यामागचं कारणही लिहा, कारण शिकणाऱ्याला तेच उपयोगी पडतं.

कर्वेनगर

आमच्याकडे भेंडी रात्रीच धुतली जाते. सासूबाईंची शिस्त अशी, की धुतलेली भेंडी चाळणीत निथळायची, मग जुन्या सुती पंचावर एकेक सुटी पसरायची आणि पंख्याखाली ठेवायची. सकाळी हात लावला तर बोटांना भेंडीची बारीक लव खरखरीत लागते. ती तशी लागली म्हणजे कोरडी झाली. ओली असेल तर लव चपटी बसलेली असते आणि बोट घसरतं. विळीचं पातंही कोरडं असायला हवं, आणि चिरताना मध्येच हात धुवायला उठायचं नाही.

पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा पंखाही पुरत नाही. त्या दिवसांत मी प्रत्येक भेंडी हातात घेऊन देठाकडून टोकाकडे पुसते. वेळ लागतो खरा, पण पुढे कढईपाशी तेवढाच वाचतो.

मांजरी

आमच्या रानात भेंडी असते, म्हणून पिकाच्या बाजूने लिहितो. भाजी बिघडली की लोक स्वयंपाक करणाऱ्याला बोल लावतात, पण निम्म्या वेळा दोष जून भेंडीचा असतो. फूल पडल्यापासून पाच-सहा दिवसांत फळ तोडायला येतं. त्यानंतर एखाद-दोन दिवस जरी झाडावर राहिलं तरी आत दोर तयार व्हायला लागतात आणि बी टणक होतं. म्हणून आमची तोडणी एक दिवसाआड असते. पाऊस असो, घरात लग्न असो, तोडा चुकवून चालत नाही. तोडताना हाताला फडकं किंवा मोजे घालावेच लागतात. त्या लवेने अंगाला इतकी खाज सुटते की नवीन माणूस दुसऱ्या दिवशी यायला तयार होत नाही. तुमच्या ताटातली ती पाच रुपयांची भाजी कुणीतरी अशा हातांनी तोडलेली असते, एवढं लक्षात असू द्या.

वडिलांच्या वेळी हळद्या रोगाने प्लॉटच्या प्लॉट जायचे. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग फळंही पिवळट आणि वाकडी निघतात. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने रोगाला दाद न देणारं ‘परभणी क्रांती’ वाण 1985 मध्ये दिलं, त्याने आमच्यासारख्यांना बराच हात दिला. पुढे बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचं ‘अर्का अनामिका’ही चांगलं चाललं. आता बहुतेक जण संकरित बियाणं लावतात.

घेताना बोटाएवढी, सरळ, गडद आणि लवदार घ्या. गुळगुळीत चकाकणारी, हाताला टणक लागणारी भेंडी टाळा.

शुक्रवार पेठ

मंडईत शेंडा मोडून बघू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. मोडलेली भेंडी मग कुणी घेत नाही. टोक नुसतं हलकं वाकवून पाहावं. कोवळी असेल तर लवते आणि मोडायच्या बेतात येते, निबर असेल तर वाकून तशीच राहते. मोडायची गरजच पडत नाही.

एरंडवणे, निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक

वर कारणं लिहा असं म्हटलं आहे, म्हणून थोडं विस्ताराने.

भेंडी ही कापूस, अंबाडी आणि जास्वंद यांच्याच कुळातली. जास्वंदीची पानं चोळून केसांना लावतात तेव्हा जो बुळबुळीतपणा हाताला लागतो, तोच इथे आहे. हा पदार्थ म्हणजे शर्करांच्या लांबच लांब साखळ्या, म्हणजे पॉलिसॅकराइड. पाणी मिळालं की त्या पाणी धरून फुगतात आणि तार येते. यातूनच सगळे नियम निघतात. धुतल्यावर पुसायचं, कारण पाणीच द्यायचं नाही. झाकण ठेवायचं नाही, कारण वाफेचं पुन्हा पाणी होऊन भाजीवरच पडतं. कढई पसरट हवी, कारण थर जाड झाला की खालची भेंडी वरच्या भेंडीच्या वाफेत शिजते. मीठ शेवटी, कारण ते पेशींतलं पाणी बाहेर खेचतं. आणि आमसूल, चिंच, दही किंवा लिंबू घातलं की आम्लामुळे रसाचा दाटपणा कमी होतो. आपल्या आज्यांनी भेंडीत आमसूल टाकलं ते चवीसाठी होतंच, पण त्याचं हेही काम होतं.

आणखी दोन गोष्टी. लोखंडी कढईत भेंडी काळपट होते, ती तिच्यातल्या टॅनिनचा लोहाशी संयोग झाल्याने. अपाय काही नाही, रंग तेवढा जातो. दुसरं म्हणजे फ्रिज. भेंडी उष्ण हवेतली भाजी आहे. सात-दहा अंश तापमान तिला मानवतं, आणि घरातला फ्रिज त्याहून थंड असतो. म्हणूनच तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिच्यावर काळे डाग आणि खड्डे दिसायला लागतात. आठवड्याची एकदम आणू नये, दोन दिवसांची आणावी.

दौंड तालुका, आता हडपसर

सरांचा प्रतिसाद वाचून गुऱ्हाळ आठवलं. आमच्या भागात गूळ करताना काहिलीतल्या उसाच्या रसात भेंडीचा चिकट रस घालतात. भेंडीची झाडं ठेचायची, पाण्यात चोळायची आणि ते बुळबुळीत पाणी तापत्या रसात ओतायचं. गाळ त्या चिकटपणात अडकतो, मळी फेसाबरोबर वर येते आणि ती झाऱ्याने काढून टाकतात. रस निवळला तरच गुळाला रंग चढतो. हल्ली काही ठिकाणी पावडरी वापरतात, पण ‘भेंडीवरचा गूळ’ म्हटलं की घेणारा आजही दोन पैसे जास्त मोजतो. ज्या चिकटपणाशी घरात भांडतो त्याला गुऱ्हाळावर मान असतो. शेजारच्या वस्तीवर भेंडीच्या झाडांचे भारे बांधून ठेवलेले असायचे आणि आम्हा पोरांचं काम ती ठेचायचं.

भाजीबद्दल म्हणाल तर आमच्याकडे भेंडीला कांदा-लसूण मसाला, दुसरं काही नाही. सोबत ज्वारीची भाकरी.

सदाशिव पेठ, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय

खोलीवर इंडक्शन आणि एकच लहान पॅन. मेसच्या डब्यात भेंडी यायची ती पाणी सुटलेली, तेलाचा तवंग आलेली आणि मध्ये बी दातात येणारी. आईला फोन केला, तिने सांगितलं, ‘पॅन लहान आहे ना, मग भेंडी दोनदा कर. निम्मी परतून ताटलीत काढ, मग निम्मी. शेवटी दोन्ही एकत्र करून तिखट-मीठ घाल.’ तसं केलं आणि पहिल्याच दिवशी खोलीतल्या तिघांनी पोळी संपली तरी भाजी नुसती खाल्ली. आता रविवारी मीच करतो, भांडी बाकीचे दोघं घासतात. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि दही. घरापासून लांब राहणाऱ्यांना मनापासून सांगतो, ही भाजी शिका. फोडणी धरून अर्ध्या तासात होते आणि जेवल्यासारखं वाटतं.

वारजे, मूळ रत्नागिरी

पावसाळ्यात आमच्याकडे परसात जाड, फिकट हिरवी, सात-आठ शिरांची भेंडी होते. वीतभर लांब होऊनही कोवळी राहते. ती परतायची नसतेच. तिचे मोठे तुकडे, ओलं खोबरं, तिखट, हळद, आमसूल आणि भिजवलेले सोडे. पाणी घालूनच शिजवायची. आमसुलामुळे रस चिकट होत नाही, सुरेख दाटसर होतो आणि गरम भातावर पसरतो. इथे सगळे सुटसुटीत भेंडीच्या बाजूने लिहीत आहेत म्हणून मुद्दाम सांगते, पाणी घातलेली भेंडीही उत्तम लागते. शनिवारी सोडे वगळून.

पिंपरी

आमच्या शेजारी सिंधी कुटुंब आहे, फाळणीनंतर कॅम्पात आलेल्यांपैकी. रविवारी त्यांच्याकडे कढी असते, पण आपल्या ताकाच्या कढीशी तिचा संबंध नाही. बेसन तेलात खमंग भाजायचं, पाणी घालून उकळायचं, त्यात शेवग्याच्या शेंगा, बटाटा, चिंच किंवा आमसूल, आणि अख्खी भेंडी, चीर देऊन आधी तळून घेतलेली. आंबट, तिखट, सोबत पांढरा भात. भाभींकडून मी एक गोष्ट उचलली: तळणीतली भेंडी काढताना आधी एक मोडून बघायची, आत ओलसर रेघ दिसली तर अजून ठेवायची. हे मी आता परतलेल्या भेंडीलाही करते आणि अंदाज कधी हुकत नाही.

बिबवेवाडी

साखर कुणीच लिहिली नाही? आमच्याकडे चिमूटभर साखर, दाण्याचं कूट आणि ओलं खोबरं असतंच, आणि झाकणावर पाणी ठेवून वाफ देतात. मऊ होते, मुलं आवडीने खातात.

नारायण पेठ (धागाकर्ती)

बिबवेवाडीच्या ताई, साखरेला माझी हरकत नाही. कूटही घाला, पण आच बंद केल्यावर. कूट आधी पडलं की उरलेला रस शोषून त्याचा लगदा होतो आणि भेंडीची चवच लागत नाही. झाकणाबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. मऊ हवी असेल तर बारीक आचेवर उघडीच दहा मिनिटं जास्त ठेवा, मऊ होते आणि रंगही राहतो.

तिखटाबद्दल एक लिहायचं राहिलं. मिरचीचा तिखटपणा तेलात उतरतो, म्हणून तिखट कोरड्या भेंडीवर नुसतं भुरभुरलं तर एखाद्याच घासाला ठसका लागतो. भेंडी कडेला सारून कढईच्या मध्यभागी तेल जमू द्यावं, आच बारीक करून त्यात तिखट घालावं, दहा सेकंद हलवून मग भेंडी त्यात ओढावी. रंगाला ब्याडगी आणि झटक्याला लवंगी, असं मिश्र तिखट मला सगळ्यात आवडतं.

धनकवडी

माझ्या आईचे दात गेले आणि तिला कुरकुरीत भेंडी खाता येईना. तिला ही भाजी फार प्रिय. मग मी भेंडी थोडीशीच परतून, घुसळलेल्या आंबट ताकाला डाळीचं पीठ लावून त्यात सोडायला लागले. वरून तेलात लसूण, लाल मिरची आणि मेथीदाण्याची फोडणी. भात मऊ करून त्यावर घातलं की ती वाटीभर जास्त जेवायची. शेवटच्या आजारपणातही ‘आज भेंडी कर’ म्हणायची. ताक घातल्यावर एकसारखं ढवळायचं आणि खदखदू द्यायचं नाही, नाहीतर फाटतं. घरात म्हातारं माणूस असेल तर नक्की करून बघा.

खराडी

सगळे प्रतिसाद वाचले, घरी दाखवले. माझा एकच प्रश्न. सकाळी साडेसहाला भाजी करते तेव्हा छान सुटी असते, ऑफिसात दीड वाजता डबा उघडला की ओलसर आणि चिकट. सगळे नियम पाळूनही असं का होत असेल?

कर्वेनगर

गरम गरम भरत असाल. डब्यात वाफ कोंडते आणि झाकणाला पाणी धरतं. भाजी कढईतून काढून स्टीलच्या ताटलीत पातळ पसरा, पंखा लावा, पोळ्या होईपर्यंत तशीच राहू द्या. हात लावून गार लागली की मगच भरा. पोळ्याही गार झाल्याशिवाय तिच्या शेजारी ठेवू नका, त्यांचीही वाफ तिलाच लागते. आणि लिंबाची फोड वेगळ्या पुडीत द्या, ऑफिसात पिळायची.