मदत हवी आहे: एअरबॅगचा दिवा विझत नाही, हॉर्नही मधूनच मुका होतो

गाडी ९ वर्षांची. चार दिवसांपासून एअरबॅगचा लाल दिवा विझायचं नाव घेत नाही. पूर्वी चावी फिरवली की पाच-सहा सेकंद लागायचा आणि जायचा. त्याच सुमारास हॉर्नचीही तऱ्हा सुरू झाली. स्टिअरिंग सरळ असताना वाजतो, डावीकडे अर्धा फेरा दिला की गप्प. वळवताना आतून कागद घासल्यासारखी खरखर येते.

फ्यूज ठीक आहेत. साधा स्कॅनर लावला तर म्हणतो, दोष नाही. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, "दिव्याची वायरच काढून टाकू." हे काही पटत नाही. हॉर्नचा आणि एअरबॅगचा काही संबंध आहे का? मल्टिमीटर लावून मी स्वतः तपासलं तर चालेल?

तारेवरची_कसरत:
मीटर अजिबात लावू नका. बॅगेमागच्या इग्नायटरमध्ये, म्हणजे बॅग फुगवणारी स्फोटक दारू पेटवणाऱ्या भागात, बारीक तार असते, रोध जेमतेम २-३ ओहम. तिला साधारण १.२ अँपिअर प्रवाह २ मिलिसेकंद मिळाला तरी दारू पेटते. चांगला मीटर याच्या कितीतरी कमी प्रवाह सोडतो हे खरं, पण तोंडासमोर बॅग ठेवून हा जुगार खेळायचा कशाला?

संबंध आहे, आणि थेट आहे. स्टिअरिंगखाली क्लॉक स्प्रिंग असते. नाव स्प्रिंग, प्रत्यक्षात गुंडाळलेली सपाट रिबन केबल. चाक फिरलं की ती उलगडते, गुंडाळली जाते. हॉर्न आणि ड्रायव्हरची एअरबॅग दोन्हींच्या तारा तिच्यातूनच जातात. रिबनला चीर पडली की रोध वाढतो, एअरबॅगचं कंट्रोल युनिट ते टिपतं आणि दोषाचा कोड साठवून ठेवतं. मग तार पुन्हा जुळली तरी दिवा राहू शकतो. साधे स्कॅनर बहुतेक वेळा इंजिनाचेच कोड वाचतात, एअरबॅगच्या युनिटपर्यंत पोचतच नाहीत.

आणि दिवा लागलेला असेल तर बॅग उघडणार नाही असंच धरून चाला. वायर काढून आजार जात नाही, फक्त तक्रार बंद होते.

मूळ प्रश्नकर्ता:
मग खड्ड्यात आदळल्यावर बॅग का उघडत नाही? मला वाटायचं बंपरमध्ये बटण असतं.

तारेवरची_कसरत:
बटण नसतं. युनिट बहुतेक गाड्यांत पुढच्या दोन सीटांमध्ये, गाडीच्या सांगाड्याला घट्ट बोल्ट केलेलं असतं. वेग किती झपाट्याने घटतोय ते त्यातला सेन्सर मोजतो. अनेक गाड्यांत पुढे रेडिएटरजवळही सेन्सर असतात. करकचून ब्रेक मारला तरी जेमतेम १ जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ओढीएवढा झटका), मोठ्या धडकेत कित्येक दहा जी. खड्ड्याचा हिसका तीव्र असतो पण क्षणिक, एकूण वेग फारसा घटत नाही, आणि युनिट तोच हिशेब करत असतं. शिवाय एकट्या सेन्सरच्या शब्दावर बॅग फुटत नाही, दुसऱ्याचाही होकार लागतो. समोरच्या धडकेत हा निर्णय साधारण १५ ते ३० मिलिसेकंदांत होतो. पापणी मिटायलाही याहून जास्त वेळ लागतो!

धडकेत बॅटरीच तुटली तर? म्हणून युनिटमध्ये वीज साठवून ठेवणारा कपॅसिटर असतो. काम करताना तोच जिवावर बेततो. बॅटरीची तार काढल्यावर मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं थांबायचंच. एअरबॅगच्या तारांचे पिवळे कनेक्टर दिसले की हात आवरा.

मूळ प्रश्नकर्ता:
अपडेट. दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. आधी बॅटरी सोडून थांबला, मग पुढची चाकं सरळ करून नवी क्लॉक स्प्रिंग नेमकी मध्यावर बसवली. कोड पुसेपर्यंत दिवा तसाच होता, पुसल्यावर सहाव्या सेकंदाला गेला. जुनी घरी आणून उघडली. तांब्याच्या दोन पट्ट्यांवर केसाएवढी चीर, तीही रिबन वाकवली तरच दिसते.