कॉन्स्टेबलची ढगांची अभ्यासचित्रं: कागद, अस्तर आणि रंगांचा क्रम

घाटमाथा:
इंग्रज निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलने १८२१-२२ मध्ये लंडनजवळ हॅम्पस्टेडला आकाशाची जी तैलचित्रं केली, त्यातली बरीचशी कागदावर आहेत आणि दोनशे वर्षं टिकली आहेत. कागदावर तैलरंग टिकत नाही असंच सगळे सांगतात. मग त्याने काय केलं होतं? ट्यूब नसताना रंग बाहेर कसे न्यायचा? याच पद्धतीने सह्याद्रीतलं जून-जुलैचं आकाश करायचंय. माझे ढग एकतर खडूसारखे पांढरट होतात, नाहीतर मळतात.

जवसतेल:
कोऱ्या कागदावर टिकत नाही, हे खरंच आहे. जवसाचं तेल तंतूंत मुरतं, वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि कागद तपकिरी, ठिसूळ होतो. कॉन्स्टेबलचा कागद अस्तर (रंगाआधीचा पायाचा थर) दिलेला असे, म्हणून तेल वरच राहिलं. बहुतेक वेळा हे अस्तर रंगीत, तांबूस-तपकिरी छटेचं असायचं.

आज ३०० ग्रॅमचा सुती कागद घ्या. चारही कडा टेपने फळीवर चिकटवा, नाहीतर कागद वळतो. अ‍ॅक्रिलिक जेसोचे (अस्तरासाठीचा तयार पांढरा लेप) दोन-तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या आणि शेवटच्या हातात थोडा अ‍ॅक्रिलिक बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी रंग) मिसळा. जेसोत पाणी फार घातलं तर थर सच्छिद्र राहतो, तेल शोषलं जातं आणि रंग निस्तेज दिसतो. वाळल्यावर मागून तेलाचा डाग दिसला, तर अस्तर कमी पडलं असं समजा.

रंग तेव्हा डुकराच्या मूत्राशयाच्या छोट्या पिशव्यांत मिळत. टोचून भोक पाडायचं, हवा तेवढा रंग दाबून काढायचा. पत्र्याच्या ट्यूबचं पेटंट १८४१ चं, म्हणजे कॉन्स्टेबल गेल्यावर चार वर्षांनी. रंगपेटी मांडीवर घेऊन झाकणाच्या आतल्या बाजूला कागद टाचायचा आणि रंगवायचं, अशी त्याची पद्धत. काही कागदांच्या कोपऱ्यांत टाचण्यांची भोकं आहेत.

कुंचला_आठ:
मळण्याचं कारण बहुधा क्रम. ओल्या करड्यावर पांढरा घासला की दोन्ही जातात. आधी ढगांच्या फटींतलं निळं भरा, मग ढगांची सावलीची बाजू पातळ रंगात, आणि उजळ कडा सर्वांत शेवटी, जाड रंगाने, एका फटकाऱ्यात. तिथे परत ब्रश फिरवायचा नाही. सहा ते आठ नंबरचा चपटा हॉग (डुकराच्या राठ केसांचा) ब्रश पुरे. ढगाच्या पोटाशी तांबूस अस्तर मधून मधून उघडं ठेवा. निळ्याशेजारी ते करड्याचं काम करतं आणि मिश्रण वाचतं.

पांढरट होतं ते टिटॅनियम व्हाइट या आजच्या पांढऱ्या रंगामुळे. कॉन्स्टेबलकडे शिशाचा पांढरा होता, त्याची रंग फिकट करण्याची ताकद कमी. टिटॅनियम त्याच्या मापाने घातला तर निळा मरतो. म्हणून निळ्यात पांढरा थोडा थोडा घाला. उपाय म्हणून निव्वळ झिंक व्हाइट वापरू नका, तो तैलरंगात ठिसूळ होऊन तडकतो. प्रशियन ब्लू असेल तर मुगाच्या दाण्याएवढाच काढा.

ढगांचे तळ साधारण एका पातळीत असतात. क्षितिजाकडे ते अरुंद आणि जवळजवळ दिसायला हवेत. हे चुकलं की आकाश पडद्यासारखं उभं राहतं.

घाटमाथा:
पण ढग पाच मिनिटांत बदलतात. एका चित्राला वेळ किती द्यावा?

फ्लॅटफर्ड:
तासाभराच्या आत संपवा. त्याच्या एका चित्रामागे ११ सप्टेंबर १८२१, सकाळी १० ते ११, असं लिहिलंय. ढग रुपेरी करडे, हवा उकाड्याची, वारा हलका नैऋत्येचा, दिवस चांगला गेला पण रात्री पाऊस, इतकी नोंद आहे. म्हणजे टिपण नंतर पूर्ण केलेलं. तुम्हीही तारीख, वेळ, तोंड कुठल्या दिशेला, वारा आणि पुढे पाऊस आला का, हे मागे पेन्सिलीने लिहाच. कॉन्स्टेबल पिठाच्या गिरणीमालकाचा मुलगा. तरुणपणी वडिलांच्या कामात राबलेला, वारा वाचायची सवय तिथलीच. बदलणाऱ्या ढगामागे धावू नका. पहिल्या पाच मिनिटांत उजेडाची दिशा आणि मोठे आकार ठरवा, मग समोरचं बदललं तरी तेच पुरं करा.

एक गैरसमज मात्र काढून टाका. तो सगळं बाहेरच रंगवत नसे. १८२१ चं ‘द हे वेन’ सुमारे १३० बाय १८५ सेंटिमीटरचं आहे आणि ते लंडनच्या स्टुडिओत झालं, तेही आधी त्याच मापाचं कच्चं तैलचित्र करून. बाहेरचे छोटे कागद ही त्याची शिदोरी. आकाशाने निसर्गचित्राचं प्रमाण आणि भाव ठरतो असं तो मानत असे आणि त्यासाठी त्याने जी मेहनत घेतली, ती मला ‘द हे वेन’ला १८२४ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मिळालेल्या सुवर्णपदकाहून मोठी वाटते.

जवसतेल:
पावसाळ्यापुरतं: दमट हवेत टिटॅनियम सावकाश वाळतो, जाड भागाला आठवड्याहून जास्त लागू शकतो. अल्किड माध्यमाचे दोन-चार थेंब घातले तर लवकर वाळेल. ओल्या रंगावर पावसाचे थेंब पडले तर पुसू नका, आडवं ठेवून सुकू द्या. प्लास्टिकमध्ये गुंडाळलं तर बुरशी धरते. फटी असलेल्या लाकडी खोक्यात, कागद एकमेकांना टेकणार नाहीत असे उभे ठेवा.