क्रोशे करताना मनगट दुखते, काय करावे?

प्रश्न (कोथरूड): नमस्कार. भाचीच्या रुखवतासाठी मी सुती दोऱ्याचा गोल टेबलक्लॉथ विणायला घेतला असून, तुळशीबागेतून आणलेल्या १.२५ मिलिमीटरच्या पोलादी सुईने रोज दुपारी दोन-अडीच तास सलग विणते. गेल्या पंधरवड्यापासून उजवे मनगट दुखते आणि संध्याकाळी पोळ्या लाटताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. जाड मुठीची सुई घ्यावी, की मनगटाला पट्टा बांधावा?

उत्तर (सदाशिव पेठ): ताई, पट्ट्याआधी स्वतःचा टाका तपासून पाहा. मुका खांब (क्रोशाचा एक आखूड टाका) घालताना सुई आत शिरवण्यासाठी मनगट पिळावे लागत असेल, तर टाका घट्ट पडतो आहे असे समजावे. सुती दोरा लोकरीसारखा ताणला जात नसल्यामुळे त्या घट्टपणाचा सगळा भार हातावर येतो. सुई मध्येच बदललीत तर वीण वेगळी दिसेल, म्हणून याच सुईच्या दांड्याला, अंगठा टेकतो तिथे, ती पेन्सिलीएवढी जाड होईपर्यंत कापडी चिकटपट्टी गुंडाळा. सुई पेन्सिलीसारखी धरत असाल, तर मधूनमधून सुरीसारखी धरून पाहा. पहिले दोन दिवस हात अगदी शिकाऊ वाटतो, पण ताण एकाच जागी राहत नाही.

उत्तर (औंध): सुईपेक्षा मला ते सलग अडीच तास अधिक खटकले. ‘एवढी फेरी संपली की उठते’ असे आपण सगळ्याच म्हणतो. मात्र गोल विणकामात फेरी बाहेर सरकते तशी लांबत जाते आणि कडेच्या एका फेरीलाच पाऊण तास लागतो. मी वीस मिनिटांचा गजर लावते आणि तो वाजला की फेरी अर्धवट असली तरी शेवटच्या फासात सेफ्टी पिन अडकवून काम खाली ठेवते. कोपर अधांतरी न ठेवता त्याखाली उशी घ्यावी, आणि विणलेला भाग हातावर लोंबू न देता मांडीवर किंवा टेबलावर पसरावा.

उत्तर (सिंहगड रस्ता): अंगठा, तर्जनी व मधले बोट यांना मुंग्या येत असतील किंवा रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, तर मनगटातील मज्जातंतू दाबला जात असण्याची शक्यता असते; त्यासाठी मनगट सरळ ठेवणारा पट्टा बहुधा रात्री झोपताना वापरायला सांगतात. दिवसा तोच घट्ट बांधून विणत बसणे मला योग्य वाटत नाही. आपली कळ अंगठ्याच्या बाजूची आहे, म्हणजे कदाचित तिथल्या स्नायुबंधांचे दुखणे असेल. तेव्हा आठवडाभर विणकाम बंद ठेवून फरक पडला नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्नकर्ती: सर्वांचे आभार. मुंग्या येत नाहीत. आठवडाभर सुई बाजूला ठेवते. तोवर पोळ्या लाटण्याचे काम चिरंजीवांकडे दिले आहे.