एकच बारकोड हवा म्हणे! पण लेबल चिकटवणार कोण?

बिल्टीवाला, वेर्णा

काल पर्वरीकरांनी लिहिलं, "गोव्यातले ट्रान्सपोर्टवाले अजून कार्बन कॉपीत अडकलेत. सगळ्यांनी एकच बारकोड आणि एकच डेटा वापरला तर निम्मा गोंधळ उद्या सकाळी संपेल." हे रात्री जेवल्यावर वाचलं आणि जेवण काही पचलं नाही. बावीस वर्षं बुकिंगच्या टेबलावर बसून बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, फाडतोय, म्हणून चार ओळी.

साहेब, आमच्याकडे बारकोडांची टंचाई नाही, सुळसुळाट आहे. गेल्या सोमवारी भिवंडीहून एक खोका उतरला, त्यावर पाच लेबलं. एक कारखान्याचं, एक गोदामाचं, एक ऑनलाइन विकणाऱ्याचं, एक कुरिअरचं, आणि पाचवं कुणाचं ते कुणालाच माहीत नाही. पोरगा स्कॅनर मारतोय, दर वेळी "नग सापडला नाही". शेवटी त्यानं जाड मार्करनं खोक्यावर "४१७, नग ३/६" लिहिलं, म्हणजे बिल्टी ४१७, सहांतला तिसरा नग, आणि खोका जायचा तिथं गेला.

तुमचा तो एकच बारकोड म्हणजे एसएससीसी, ते मला शिकवू नका. अठरा आकडे, प्रत्येक खोक्याचा किंवा पॅलेटचा स्वतःचा नंबर, कारखान्यात चिकटला की शेवटच्या दारापर्यंत तोच. कल्पना झकास. पण नंबर देणाऱ्या संस्थेची वर्षाची वर्गणी, प्रिंटर, रिबन हा खर्च माल पाठवणाऱ्याचा आणि वेळ वाचणार आमचा. परक्याच्या सोयीसाठी खिशात हात घालणारा कारखानदार मला अजून भेटायचाय.

आणि स्वस्तातलं बिनरिबनीचं लेबल मे महिन्यात ताडपत्रीखाली काळं पडतं. जूनमध्ये अनमोड घाट चढेपर्यंत खोक्याचाच लगदा होतो. तो लगदा कसा स्कॅन करायचा तेही पर्वरीत बसून सांगा.

पर्वरीकर

एवढं लागेल असं वाटलं नव्हतं. पण पाच लेबलं हा माझ्या म्हणण्याचा पुरावा झाला की! प्रत्येकानं आपलाच नंबर चालवला म्हणून पाच झाली.

मुरगाव बंदरात जाऊन कंटेनर बघा. चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी तपासणीचा एक आकडा, जगभर हेच. आकडा चुकीचा टाइप झाला तर बहुतेक वेळा तिथंच कळतं, कारण शेवटचा आकडा आधीच्यांशी जुळत नाही. तुमच्या "४१७"चा चुकून "४७१" झाला तर कोण ओरडणार?

माल गाडीनं नेताना काढायचं ऑनलाइन ई-वे बिल आलं तेव्हाही हीच रडारड होती. १ एप्रिल २०१८. आता सगळे मुकाट्यानं काढतात ना?

बिल्टीवाला, वेर्णा

दंडाच्या भीतीनं काढतात, प्रेमानं नाही. आणि त्या बिलात माल किती किमतीचा आणि कुठल्या गाडीत ते कळतं, तिसरा नग कुठं तडमडला ते कळत नाही. त्याची मुदत दोनशे किलोमीटरला एक दिवस. घाटात दरड आली की माझा माणूस रात्री बारा वाजता मुदत वाढवत बसतो, शेवटच्या आठ तासांत नाहीतर संपल्यावर आठ तासांत. तेव्हा तुमचं पोर्टल गोल गोल फिरतं.

४१७चा ४७१ होतो, कबूल. वर्षातून दोनदा.

गाडीमालक, धारबांदोडा

डेटा एकत्र करायच्या गप्पा मारणाऱ्यांना माझी गोष्ट. गाडी कोलाडला रेल्वेच्या रो-रोवर, म्हणजे ट्रक वाहून नेणाऱ्या वाघिणीवर, चढवली. कोकण रेल्वेची ही सोय १९९९पासून आहे, म्हणजे काही नवलाची नाही. पार्टीकडं नवीन अ‍ॅप, फास्टॅगवरून गाडी दाखवणारं. आता वाघिणीवर बसलेली गाडी टोलनाक्यावरून कशी जाणार? फास्टॅग वाजलाच नाही. पार्टीचा फोन, "गाडी कोलाडला का उभी केलीय? ड्रायव्हर झोपलाय काय?" ड्रायव्हर खरंच झोपला होता, पण गाडी वेर्ण्यात उतरायला आली होती.

औषधवाला, कुंडई

दोघेही अर्धं बोलताय. आमच्या धंद्यात हे कधीच झालंय, कारण परदेशी खरेदीदारानं सांगितलं, लेबल नाही तर ऑर्डर नाही. प्रश्न संपला. देशातही १ ऑगस्ट २०२३पासून ठरावीक ३०० ब्रँडांवर क्यूआर सक्तीचा झाला.

पण बिल्टीवाल्यांचा एक मुद्दा मनाविरुद्ध मान्य करतो. आम्ही एवढं व्यवस्थित लेबल लावून पेटी देतो, आणि ट्रान्सपोर्टवाला त्याच्यावरच स्वतःचं स्टिकर ठोकतो! बाजूला अख्खी पेटी कोरी असताना. हा रोग कुठल्या मानकानं बरा होणार?

डिचोलीची सून

तुमचे अठरा आकडे राहू देत बाजूला. आधी गावांची नावं तरी एक करा!

माझं माहेर फोंड्याचं. दादानं कणकवलीच्या दुकानातून आईसाठी मिक्सरचं भांडं पाठवलं, पत्ता स्वच्छ मराठीत "फोंडा". तिथल्या मुलानं इंग्रजीत टाइप करताना "पी"पुढं "एच" घातला, आणि भांडं निघालं फोंडाघाटला. सिंधुदुर्गात. पिन बरोबर होता, ४०३४०१, दादानं स्वतः घातला होता. आपले पिन ४०३नं सुरू होतात एवढं तरी बघावं! पण पिन बघतो कोण? सगळे नाव वाचतात. आणि केरी म्हटलं तर कुठली? सत्तरीची, पेडण्याची की फोंड्याची?

पर्वरीकर

ताई, म्हणूनच म्हणतो, नाव नको, नंबर हवा. जागेलासुद्धा तेरा आकडी नंबर देता येतो.

डिचोलीची सून

भाऊ, नंबर होता. तेच सांगतेय मघापासून.

मास्तर, साखळी

सुनबाईंनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं. सांकेलिम, बिचोलिम, क्वेपेम ही नावं आपली नव्हेत. पोर्तुगीज कारकुनानं कानाला लागलं तसं लिहिलं. शेवटचा "एम" ही नुसती अनुनासिकाची खूण, आपण आता त्याचा म्हणून उच्चार करतो. साखळी, डिचोली, केपे असं सगळीकडं एकदा लिहा, अर्धं काम झालं. १९६१ला गोवा मुक्त होऊन किती वर्षं झाली?

अस्सल गोंयकार

मास्तर, माझ्या जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर, बँकेत, पासपोर्टवर इंग्रजीत तीच नावं आहेत. ती बदलायला कचेऱ्यांच्या पायऱ्या तुम्ही झिजवणार? आणि "आपली" म्हणजे कुणाची? मराठीतलं डिचोली की कोकणीतलं दिवचल? बोला.

मास्तर, साखळी

मी मराठी-कोकणी काढलेलं नाही. तुम्ही काढलंत.

अस्सल गोंयकार

काढायला कशाला हवं? दर वेळी कुठलाही विषय घ्या, खोक्याचा असो नाहीतर खड्ड्याचा, शेवटी आमच्या नावांवरच येता.

मास्तर, साखळी

चाळीस वर्षं मुलांना शुद्धलेखन शिकवलं, त्याचं हे बक्षीस. तुम्ही बिचोलिमलाच राहा, सुखी राहा.

गाडीमालक, धारबांदोडा

पात्रांव, वाईच शांत. माझा ड्रायव्हर विजापूरचा. त्याला दिवचल कळत नाही, बिचोलिम कळत नाही. "खाणीच्या पुढचा चौक" सांगितलं की बरोबर पोचतो.

औषधवाला, कुंडई

खोक्यावरून पोर्तुगिजांपर्यंत आलो. आता पुढचा मुक्काम म्हादईचा पाणीतंटा असणार.

बिल्टीवाला, वेर्णा

मूळ मुद्द्यावर येतो, कारण खरं कारण अजून कुणी बोललंच नाही. मीही आडून बोलत होतो.

डेटा एकत्र का होत नाही? पार्टी फुटते म्हणून. तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीनं आग्रह केला, आमच्या सिस्टिममध्ये तुमच्या सगळ्या बिल्ट्या भरा, ग्राहकाला माल कुठं आहे ते दिसेल. भरल्या. कोण पाठवतो, कोणाला, किती वजन, काय भाडं, सगळं आयतं. चार महिन्यांत माझ्या दोन जुन्या पार्ट्यांना थेट फोन गेले, किलोमागं पन्नास पैसे कमी. एक पार्टी गेली. वडिलांच्या काळापासूनची होती, चवथीला घरी यायचे. तेव्हापासून माझी वही माझ्या ड्रॉवरमध्ये. अडाणी म्हणा, कार्बन कॉपीवाला म्हणा.

पर्वरीकर

हे आधी लिहिलं असतं तर मी तसं बोललो नसतो. पण एक सांगू? त्या अठरा आकड्यांत तुमची पार्टी, भाडं, काही नसतं. कुठल्या कंपनीनं नंबर दिला आणि कितवा, एवढंच. बाकी माहिती कोणाला दाखवायची ते वेगळं ठरवता येतं. नंबर सामायिक, वही तुमची. तुम्हाला लुटलं ते बारकोडनं नाही, भाडंसुद्धा भरायला लावणाऱ्या त्या करारानं.

बिल्टीवाला, वेर्णा

करार मीच सही केला होता, न वाचता. बरं वाटलं का आता?

पर्वरीकर

नाही. चुकलो, तो "कार्बन कॉपी" शब्द मागे घेतो. "उद्या सकाळी"ही मागे. पण औषधवाल्यांच्या पेट्यांवर लेबल आधीच आहे. निदान तेवढ्यांना तुमचं स्टिकर न लावता तोच नंबर वापरून बघा. महिनाभर, एकाच गाडीवर.

औषधवाला, कुंडई

आमच्या पेट्या घ्या प्रयोगाला. फक्त पावसात भिजवू नका.

बिल्टीवाला, वेर्णा

पेट्यांचं भाडं नेहमीचंच लागेल, प्रयोग असला तरी. आणि पर्वरीकर, तुम्ही स्वतः येऊन पोराला दाखवा. बुधवारी नको, भिवंडीची गाडी लागते. गुरुवारी अकरानंतर. मार्कर मात्र मी टेबलावरच ठेवणार.

डिचोलीची सून

आणि माझ्या मिक्सरच्या भांड्याचं कोणी बघणार आहे का? दहा दिवस झाले, आई चटणी पाट्यावर वाटतेय.